मागल्या चाकांची ताकीद

पावसाळ्यात घाटातील वळणावर गाडी मागून फेकली गेली आणि क्षणात आडवी झाली, अशी हकीकत अपघातानंतर पुष्कळदा ऐकावयास मिळते. परंतु मागली चाके बहुधा वर्दी दिल्यावाचून जागा सोडीत नाहीत, आणि ती वर्दी ओळखणे हे कोणाही सावध चालकाच्या आवाक्यातले आहे.

टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढ्या भागावर, आणि तेथील घर्षणातून लाभणारी पकड ही बांधलेल्या मिळकतीसारखी असते. गाडीला वळणात धरून ठेवण्याचा खर्च तिच्यातूनच भागवावयाचा आणि वेग वाढविण्याचाही तिच्यातूनच. यांपैकी पहिला खर्च वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी ३० किलोमीटरने घेतलेले वळण ६० ने घेतल्यास चौपट पकड लागते. इंजिनाची शक्ती मागल्या चाकांना मिळणाऱ्या गाडीत, मग ती जुनी अॅम्बॅसडर वा पद्मिनी असो की आजची बोलेरो, मागल्या टायरांवर हे दोन्ही भार एकदम पडतात. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० सारख्या गाड्यांत शक्ती पुढल्या चाकांकडे जात असल्याने तेथे वळणात जादा रेस दिली की पुढली चाके घसरतात आणि गाडी वळण सोडून सरळ जाऊ पाहते.

समजा, ओल्या रस्त्यावर डावे वळण चालू आहे, गाडी दुसऱ्या गिअरात आहे आणि चालकाने रेस वाढविली. प्रथम इंजिनाचा स्वर चढतो, पण त्या मानाने वेग वाढत नाही. कारण वळणात भार बाहेरच्या बाजूस कलल्याने हलके झालेले आतले, म्हणजे डावे, मागले चाक जागच्या जागी फिरू लागलेले असते. त्यानंतरची सूचना बैठकीतून येते: कमरेखालची गाडी किंचित उजवीकडे सरकते आणि नाक मागितल्यापेक्षा अधिक आत वळते, त्यामुळे हात नकळत स्टिअरिंग सैल सोडू लागतात. कोरड्या डांबरावर टायर किंचाळण्यापूर्वी खर्जात कण्हतो. ओल्या रस्त्यावर मात्र हा आवाज क्वचितच येतो, म्हणून तेथे कानापेक्षा कंबर आणि तळहात यांच्यावरच भिस्त ठेवावी लागते.

अशा वेळी घाबरून अॅक्सिलरेटरवरचा पाय एकदम काढणे ही स्वाभाविक परंतु घातक प्रतिक्रिया होय. कारण त्यामुळे भार पुढे झुकतो, मागली चाके अधिकच हलकी होतात आणि उरलीसुरली पकडही जाते. रेस हळूहळू कमी करावी, दृष्टी पुढच्या मोकळ्या रस्त्यावर ठेवावी आणि मागची बाजू ज्या दिशेस सरकत असेल त्या दिशेस, म्हणजे येथे उजवीकडे, स्टिअरिंग बेताने वळवावे. पकड परत येताच ते तत्परतेने सरळ केले नाही, तर गाडी उलट बाजूस फेकली जाते. बॉश आणि मर्सिडीझ-बेंझ यांनी १९९५ साली बाजारात आणलेली स्थिरता-नियंत्रण यंत्रणा हेच काम चालकाच्या आधी करते: स्टिअरिंगचा कोन आणि गाडीचे प्रत्यक्ष वळणे यांत तफावत दिसताच ती आवश्यक त्या एकाच चाकाला ब्रेक लावते व इंजिनाची शक्ती घटविते. त्या वेळी समोर लुकलुकणारा दिवा शोभेचा नव्हे. पकड संपत आल्याची ती लेखी नोटीसच समजावी.

पहिल्या सरींत तेल आणि धूळ मिसळून रस्ता निसरडा होतो, आणि नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजलेला गोटा टायर पाणी बाहेर टाकू शकत नाही. तेव्हा या दोन प्रसंगी सूचना आणि घसरण यांमधले अंतर फारच थोडे राहते. म्हणून वळणापूर्वीच वेग उतरवावा, मध्यावर रेस स्थिर ठेवावी आणि बाहेर पडताना स्टिअरिंग जितके सरळ होत जाईल तितकीच ती वाढवावी.