डोळे येणे : घरगुती उपचार कुठवर?

चातुर्मास सुरू झाला की मंदिरे आणि उपाश्रय गजबजू लागतात. प्रवचने, सामुदायिक तपश्चर्या, पुढे पर्युषण, अशा निमित्तांनी समाजातील आबालवृद्ध या काळात एरवीपेक्षा अधिक एकत्र येतात. डोळे येण्याच्या साथीचा काळही नेमका हाच असतो. 2023 च्या पावसाळ्यात आळंदीसह राज्याच्या अनेक भागांत ही साथ पसरली होती आणि शाळांपासून बाजारपेठांपर्यंत सर्वत्र काळे चष्मे दिसू लागले होते.

घरात एकाचे डोळे लाल झाले की सल्ल्यांना तोटा नसतो. आजी गुलाबपाणी काढते, काकू त्रिफळ्याचा काढा गाळून ठेवते, कोणी धन्याचे पाणी सुचवते, कोणी तुरटीचे. दुकानातील मुनीमजी शेजारच्या औषधविक्रेत्याकडून ‘मागच्या वर्षी लागू पडलेले’ थेंब आणून देतात. या सर्वांमागे माया असते यात शंका नाही. तथापि डोळ्याइतक्या नाजूक अवयवाच्या बाबतीत कोणता उपाय घरी करावा आणि कोठे थांबावे, हे प्रत्येक कुटुंबाने एकदा नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

लाली एक, कारणे अनेक

साथीत येणारे डोळे बहुधा विषाणूंमुळे येतात. डोळ्यांतून पाणी वाहते, खुपते, पापण्या सुजतात. एका डोळ्यात सुरू झालेला त्रास एक-दोन दिवसांत दुसऱ्या डोळ्यात जातो. हा आजार सामान्यतः एक ते दोन आठवड्यांत आपोआप बरा होतो. जिवाणूंचा संसर्ग असेल तर घट्ट, पिवळसर पू येतो आणि सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात. धूळ अथवा परागकणांची ॲलर्जी असेल तर खाज हे मुख्य लक्षण असते आणि ती दुसऱ्याला लागत नाही.

घरगुती उपायांची कीर्ती कशी वाढते, याचे उत्तर येथेच आहे. विषाणूंमुळे आलेले डोळे कोणताही उपाय न करताही बरे होणार असतात. आठव्या दिवशी डोळे निवळले की श्रेय सातव्या दिवशी घातलेल्या थेंबांना मिळते. खात्यात जमा एकाची आणि नाव दुसऱ्याचे, असा हा प्रकार असतो.

घरी अवश्य करावे असे

यावरून घरची शुश्रूषा व्यर्थ आहे असे मात्र समजू नये. पाणी उकळून, झाकून गार होऊ द्यावे. त्यात स्वच्छ कापसाचा बोळा भिजवून बंद पापणीवरील चिपडे नाकाच्या बाजूकडून कानाच्या बाजूकडे हलकेच पुसावी. प्रत्येक वेळी नवा बोळा घ्यावा. वापरलेला बोळा पुन्हा पाण्यात बुडवू नये. उकळलेले पाणी आपल्या घरांना नवे नाही. पावसाळ्यात तीन प्रहर, हिवाळ्यात चार आणि उन्हाळ्यात पाच प्रहर ही त्याची मर्यादाही श्वेतांबर परंपरेत सांगितलेली आहे. डोळ्यांसाठी मात्र प्रत्येक वेळी ताजे उकळलेलेच पाणी घ्यावे.

जळजळ व खाज असेल तर गार पाण्यात पिळलेल्या स्वच्छ कापडाची घडी बंद डोळ्यांवर ठेवावी. रांजणवाडी आली असेल तर सोसवेल इतक्या कोमट कापडाचा शेक दिवसातून तीन-चार वेळा, पाच-दहा मिनिटे द्यावा. ती पिळून फोडू नये. लेन्स वापरणाऱ्यांनी ती त्वरित काढून ठेवावी. विश्रांती घ्यावी आणि डोळे चोळू नयेत.

डोळ्यात काही घालण्यापूर्वी

खरा धोका सुरू होतो तो घरी केलेली वस्तू डोळ्याच्या आत घातल्यावर. गाळलेला काढा दिसावयास स्वच्छ असला तरी तो निर्जंतुक नसतो. बाजारातील गुलाबपाणी बहुधा सौंदर्यप्रसाधन म्हणून विकले जाते, नेत्रौषध म्हणून नव्हे. तुरटी आणि लिंबाचा रस सुजलेल्या डोळ्याला अधिकच झोंबतात. मध महाविगय असल्यामुळे आपल्या घरांत वर्ज्यच आहे. आईचे दूधही जंतुरहित नसते. सुरम्यात अनेकदा शिसे आढळते आणि ते लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस घातक असते.

आयुर्वेदाचा आधार देणाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानी घ्यावी. सुश्रुतसंहितेत 76 नेत्ररोगांचे वर्णन असून डोळे येण्यास तेथे ‘अभिष्यंद’ म्हटले आहे. त्या शास्त्रातही रोगाच्या तीव्र अवस्थेत अंजन घालणे निषिद्ध मानले आहे. शास्त्र अवस्था पाहून उपचार सांगते. ऐकीव उपाय अवस्था पाहत नाही.

बुबुळावरील पारदर्शक पडद्याला रक्तवाहिन्या नसतात. त्यावर जखम होऊन जंतू शिरले की व्रण होतो आणि तो भरून आला तरी पांढरा डाग, ज्याला आपण फूल पडणे म्हणतो, मागे राहू शकतो. धान्याच्या व्यापारातील कुटुंबांनी विशेष सावध असावे. मार्केट यार्डात पोती उसवताना कुसळ अथवा भुसा डोळ्यात गेला आणि बारीकशी जखम झाली, तर तेथे बुरशी वाढू शकते. अशा डोळ्यात काढा घालून चार दिवस वाट पाहणे म्हणजे दृष्टीच पणाला लावणे होय. मालकाला आणि हमालाला हा नियम सारखाच लागू आहे.

तेवढीच चिंतेची बाब म्हणजे चिठ्ठीवाचून आणलेले थेंब. त्यांत स्टेरॉइड असेल तर लाली एका दिवसात उतरते आणि सर्वांना हायसे वाटते. परंतु नागिणीच्या वर्गातील विषाणूचा अथवा बुरशीचा संसर्ग त्यामुळे झपाट्याने बळावतो. दीर्घकाळ वापर झाल्यास काचबिंदू व मोतीबिंदूही होऊ शकतो. उघडून महिना उलटलेली बाटली वापरू नये आणि एकाची बाटली दुसऱ्याने घेऊ नये.

विलंब नको अशी लक्षणे

डोळ्यात तीव्र वेदना, उजेड न सोसणे, अंधूक दिसणे, बुबुळावर पांढरा ठिपका, मार लागल्याचा किंवा लेन्स वापरत असल्याचा इतिहास, नुकतीच झालेली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, यांपैकी काहीही असल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. एक महिन्याच्या आतील बाळाच्या डोळ्यांतून पू येत असेल तर काजळ किंवा दूध न घालता तत्काळ रुग्णालयात न्यावे.

मंदिरात आणि पेढीवर

डोळे दुसऱ्याच्या डोळ्यांत पाहिल्याने येत नाहीत. ते हात, टॉवेल, उशीचा अभ्रा, नोटा आणि मोबाइल यांच्या वाटेने येतात. काळा चष्मा उजेडापासून आराम देतो, संसर्ग थांबवत नाही. म्हणून साबणाने वारंवार हात धुणे हाच सर्वांत मोठा उपाय. घरात रुग्णाचा पंचा वेगळा ठेवावा आणि पेढीवर त्याने काही दिवस गल्ल्यावर बसू नये.

एक नाजूक विषय येथे आदरपूर्वक मांडणे आवश्यक आहे. गंधोदक अथवा न्हवणजल श्रद्धेने डोळ्यांना लावण्याची प्रथा आहे. डोळे आलेल्या व्यक्तीने त्या दिवसांत सामायिक पात्रात बोट न बुडवता दुरूनच वंदन करावे, केशर-चंदनाच्या वाटीपासूनही दूर राहावे आणि घरी भावपूजा करावी. आपल्यामुळे दुसऱ्या जीवास पीडा होऊ नये ही दक्षता अहिंसेचेच आचरण आहे. मंदिराच्या व्यवस्थापकांनी साथीच्या काळात तीर्थजल पळीने हातावर देण्याची सोय केली तर श्रद्धाही राहील आणि आरोग्यही.

आपल्या समाजात नेत्रदानाची परंपरा अभिमानास्पद आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत बुबुळाचा तोच पारदर्शक पडदा काढून घेतला जातो आणि फूल पडलेल्या डोळ्याला पुन्हा प्रकाश मिळतो. दुसऱ्याच्या डोळ्यांसाठी दुःखाच्या प्रसंगीही एवढी तत्परता दाखवणाऱ्या कुटुंबांनी घरातील लाल डोळ्यासाठीही तेवढीच तत्परता दाखवावी. पापणीच्या बाहेरची स्वच्छता, शेक आणि शुश्रूषा घरच्यांनी करावी. पापणीच्या आत जाणारा प्रत्येक थेंब मात्र नेत्रतज्ज्ञांनी ठरवावा.