साष्टीची गावे आणि महानगराचा कारभार

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही नावे आज बहुतेकांना लोकलच्या स्थानकांची म्हणूनच परिचित आहेत. ही सारी स्थळे साष्टी नावाच्या बेटावर वसलेली आहेत, याचे भान फार थोड्यांना असते. उत्तरेस वसईची खाडी, पूर्वेस ठाण्याची, दक्षिणेस माहीमची आणि पश्चिमेस समुद्र, अशी या बेटाची चतुःसीमा. सहासष्ट गावांची म्हणून 'साष्टी', अशी नावाची उपपत्ती सांगितली जाते. भातशेती, मिठागरे, ताडमाड आणि मासेमारी यांवर येथील कोळी, आगरी, भंडारी व ईस्ट इंडियन कुटुंबांचा चरितार्थ चाले.

मराठ्यांनी 1737 मध्ये पोर्तुगीजांकडून घेतलेली साष्टी 1774 च्या अखेरीस इंग्रजांच्या हाती गेली. पुढे 1845 मध्ये माहीमची खाडी ओलांडणारा रस्ता झाला आणि 1853 मध्ये ठाण्याची आगगाडी याच बेटावरून धावली. मुंबई शहराची तहान भागविण्यासाठी 1860 मध्ये विहार व 1879 मध्ये तुळशी हे तलाव बांधले गेले, तेही येथेच. थोडक्यात, मुंबई साष्टीत येण्याच्या कितीतरी आधीपासून साष्टीचे पाणी मुंबईस जात होते.

दक्षिण साष्टी ठाणे जिल्ह्यापासून तोडून 1920 मध्ये मुंबई उपनगर जिल्हा निर्माण करण्यात आला. वांद्र्याची नगरपालिका 1876 ची. घाटकोपर-किरोळलाही स्वतःची नगरपालिका होती. मुंबई महापालिकेची हद्द 1950 मध्ये पश्चिमेस जोगेश्वरीपर्यंत व पूर्वेस भांडुपपर्यंत आणि 1957 मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंत वाढविण्यात आली. या विस्ताराबरोबर बेटावरील गावांचा स्वतंत्र कारभार संपला.

हे विलीनीकरण अनाठायी होते, असे म्हणता येणार नाही. वैतरणेसारख्या दूरच्या नदीचे पाणी आणणे, मोठ्या मलवाहिन्या टाकणे ही कामे छोट्या नगरपालिकेच्या आवाक्याबाहेरची होत. खर्च अनेकांत विभागला गेला की तो प्रत्येकास परवडतो, हा अर्थशास्त्राचा साधा नियम येथे लागू पडतो. परंतु प्रत्येक सेवेला तो सारखाच लागू पडत नाही. गल्लीतील गटार, मंडईतील ओटे, वाचनालय किंवा मैदान यांबाबत मोठ्या आकाराने बचत फारशी होत नाही. निर्णय घेणारा मात्र नागरिकापासून दूर जातो.

हे अंतर किती, ते आकड्यांवरून कळेल. 2011 च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे 1 कोटी 24 लाख. त्यांपैकी सुमारे 93 लाख 57 हजार, म्हणजे तीन चतुर्थांश लोक उपनगरांत राहतात. महापालिकेचे निवडून आलेले सदस्य 227. म्हणजे सरासरीने एका नगरसेवकामागे सुमारे 55 हजार माणसे. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने मोठ्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली. पण मुंबईत एका समितीत अनेक प्रभाग एकत्र येतात, आणि स्वतःचा कर बसविण्याचा अधिकार तिला नाही.

हा पेच केवळ आपलाच नव्हे. नॉर्वेतील हाराम ही बेटे व फियॉर्ड, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खोल खाड्या, यांच्या काठची सुमारे 9 हजार वस्तीची नगरपालिका 2020 मध्ये शेजारच्या ओलेसुंड शहरात विलीन झाली. 1 जानेवारी 2024 पासून ती पुन्हा स्वतंत्र झाली.

साष्टीला तो मार्ग मोकळा नाही. पाण्याचे नळ, रस्ते आणि आगगाडी यांनी ती शहराशी कायमची जोडली गेली आहे, आणि त्याची खंत करण्याचे कारण नाही. तथापि, पाणी व मलनिःसारण महापालिकेकडे आणि मंडई, मैदान, वाचनालय, गल्लीबोळ ही कामे निधीसह प्रभागाकडे, अशी विभागणी करण्यास कोणती अडचण आहे? नगरपालिका गेली ती काळाच्या ओघात. नागरिकाचा अधिकारही तिच्याबरोबर जावा, असा मात्र काळाचा काही नियम नाही.