कानांनी शिकलेले संख्याशास्त्र

रावेतच्या बंधाऱ्यापाशी पवनेचे पाणी उचलले जाते आणि निगडीच्या केंद्रात शुद्ध होऊन पिंपरी-चिंचवडच्या नळांना येते. दरडोई इतके लिटर पाणी पुरविले, असा हिशेब मांडला जातो तेव्हा रिकामी घागर घेऊन नळापाशी उभ्या असलेल्या गृहिणीला तो खोटा वाटतो. वस्तुतः हिशेबही खरा असू शकतो आणि घागरही. पाच घरांना अनुक्रमे ५०, ५०, ६०, ९० आणि ५०० लिटर पाणी मिळाले असे धरले, तर सरासरी १५० लिटर निघते. मधल्या घराच्या वाट्याला मात्र ६० लिटरच येतात. सरासरी आणि मध्यक यांतील हा भेद ज्याला उमगला, त्याने सामाजिक शास्त्रांना लागणाऱ्या संख्याशास्त्राचा पहिला धडा गिरविला.

कारखान्यातील पाळी किंवा कचेरीतील नोकरी सांभाळून अर्थशास्त्र वा समाजशास्त्र शिकणाऱ्याला हा धडा वर्गात बसून घेण्याची सवड नसते. १९८९ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने अशांना उच्च शिक्षणाचे दार उघडले. आता तर आकुर्डी स्थानकावर लोकलची वाट पाहतानाही मोबाइलवर व्याख्यान ऐकता येते. प्रश्न एवढाच, की आकड्यांचे शास्त्र नुसत्या कानांनी शिकता येईल काय?

उत्तरासाठी फार दूर जावयास नको. १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने शेतकऱ्यांच्या श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत मंडळे निघाली. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा कार्यक्रम ऐकावयाचा आणि लगेच त्यावर चर्चा करावयाची, असा क्रम होता. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याचे मूल्यमापन केले. पॉल न्यूराथ हे त्या कामाचे सूत्रधार होते. तुलनेसाठी मंडळे नसलेली गावेही निवडली होती. काहींत रेडिओ होता, काहींत नव्हता. आधी व नंतर विचारलेल्या प्रश्नांवरून दिसून आले, की मंडळांच्या गावांत माहिती चांगलीच वाढली; नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती वाढ थोडीच होती.

यातून दोन गोष्टी निघतात. ऐकण्याला चर्चेची जोड मिळाली, तरच विद्या मुरते. आणि तुलनेची गावे नसती, तर हे श्रेय नुसत्या रेडिओलाच दिले गेले असते. हा दुसरा निष्कर्ष म्हणजे संख्याशास्त्रच होय.

कल्पना समजावून सांगण्याचे सामर्थ्य वाणीत निश्चित आहे. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याचा अंदाज मांडताना दरडोई दररोज २,२५० उष्मांकांचा निकष धरला. पां. वा. सुखात्मे यांनी त्यावर आक्षेप घेतला : निरोगी माणसाची गरजही एकसारखी नसते, म्हणून सरासरीच्या खाली असणारा प्रत्येक जण उपाशी ठरत नाही. हा वाद कोणत्याही सूत्रावाचून सांगता येतो, आणि सरासरीभोवतीचा विखुरलेपणा विसरल्यास भुकेल्यांची मोजणीच कशी बदलते, हे तो ऐकणाऱ्याच्या मनावर ठसते. परंतु तो विखुरलेपणा मोजणारे प्रमाण विचलन कानांनी काढता येत नाही. तेथे पेन्सिल, कागद आणि दहा आकड्यांचा कोष्टक लागतोच.

म्हणून ध्वनिव्याख्यानांचा उपहास नको आणि त्यांवर विसंबूनही राहावयास नको. प्रत्येक व्याख्यानासोबत सोडविलेली उदाहरणे असलेली छोटी पुस्तिका द्यावी. आठवड्यातून एकदा गावातल्या शाळेत किंवा वाचनालयात चार-दोन श्रोत्यांनी एकत्र बसावे, आपल्याच गल्लीतील पाण्याचे आकडे मांडावे आणि त्यांवर भांडावे. शिक्षकांनी त्यासाठी एक संध्याकाळ दिली तरी पुष्कळ होईल. आकड्यांना जाब विचारणारा नागरिक घडवावयाचा, तर त्याच्या कानांत व्याख्यान असावे, हातात पेन्सिल असावी आणि समोर शंका काढणारा सोबती असावा.