फ्रेंच घरात राहायला जाण्याआधी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

विद्यार्थी भाषा-आदानप्रदानात परदेशातल्या एखाद्या कुटुंबात राहून तिथली भाषा शिकायची असते. फ्रान्सच्या बाबतीत याचे ढोबळ प्रकार तीन. दोन शाळांनी आपसात ठरवलेल्या आदानप्रदानात इथला विद्यार्थी तिकडे जातो आणि तिकडचा इथे येतो. मुक्काम सहसा काही आठवड्यांचा असतो. एएफएस किंवा रोटरीसारख्या संस्थांमार्फत काही महिने ते शाळेचे अख्खे वर्ष राहता येते. तिसरा प्रकार भाषावर्गाला जोडून पैसे देऊन घेतलेल्या घरगुती मुक्कामाचा. बहुतेक गैरसमज या तिन्हींची सरमिसळ झाल्याने होतात. संस्थेकडे फी भरली की घरच्यांनी हवी तशी सरबराई करावी, अशी अनेक पालकांची समजूत असते. प्रत्यक्षात पहिल्या दोन प्रकारांत कुटुंब हौसेने दार उघडते, विद्यार्थी ठेवण्याचा मोबदला घेत नाही. विद्यार्थ्याने घरातल्या मुलासारखे राहावे, टेबल मांडायला आणि भांडी आवरायला हात लावावा, बाहेर जाताना कुठे जातो आणि कधी परततो ते सांगून जावे, एवढी त्यांची अपेक्षा असते.

दुसरा मोठा गैरसमज गुणांचा. महाराष्ट्रात अकरावी-बारावीला भरपूर गुण देणारा विषय म्हणून फ्रेंच घेतली जाते. त्या परीक्षेचा भर लेखनावर असल्याने नव्वदच्या पुढे गुण मिळवणारा विद्यार्थीही जेवणाच्या टेबलावर गोंधळतो. पुस्तकातले ‘ज न से पा’ (मला माहीत नाही) घरात ‘शे पा’ होऊन येते, आणि ‘आम्ही’साठी पाठ केलेले ‘नू’ सोडून सगळे ‘ओं’ म्हणतात. आकड्यांची पंचाईत वेगळीच. फ्रेंचमध्ये सत्तर म्हणजे साठ-दहा आणि नव्वद म्हणजे चार-वीस-दहा. शिवाय दहा अंकी फोन नंबर दोन-दोन अंकांच्या जोड्यांत सांगतात. ‘साठ’ ऐकून कागदावर सहा लिहावा, तोवर पुढचे ‘बारा’ येते आणि आकडा बहात्तर ठरतो. म्हणून निघण्यापूर्वीचे महिने व्याकरणाची उजळणी करण्यापेक्षा ऐकण्याच्या सरावाला द्यावेत. डेल्फ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेत ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे या चारही कौशल्यांना प्रत्येकी २५ गुण असतात, त्यामुळे तिची तयारी इथे उपयोगी पडते.

याच्या उलट, अस्खलित बोलता आल्याशिवाय जाऊच नये, असेही काहींना वाटते. तेही खरे नाही. आदानप्रदान शिकणाऱ्यांसाठीच असते. फ्रेंच माणसे इंग्रजी बोलायला नाराज असतात ही ऐकीव गोष्ट तर घरात बऱ्याचदा उलटीच ठरते. यजमानांच्या मुलांना स्वतःचे इंग्रजी सुधारायचे असते, म्हणून फ्रेंच कधी आणि इंग्रजी कधी हे पहिल्याच आठवड्यात ठरवून घेतलेले बरे. फ्रेंच लोक तुसडे असतात या तक्रारीचे मूळ अनेकदा एका राहून गेलेल्या ‘बोंजूर’मध्ये असते. बेकरीत शिरताना, बसमध्ये चढताना, सकाळी स्वयंपाकघरात पाऊल टाकताना आधी तो शब्द म्हणायचा आणि मग बाकीचे बोलायचे. यजमान आईवडिलांशी सुरुवात आदरार्थी ‘वू’ने करावी, ‘तू’वर यायचे की नाही ते त्यांना ठरवू द्यावे.

सर्वांत जास्त घोळ जेवणात होतो. ‘मी शाकाहारी आहे’ एवढे कळवले की काम झाले, असे मानले जाते. पण बऱ्याच फ्रेंच घरांत मासे मांसात धरत नाहीत आणि अंडी तर शाकाहारातच येतात. सॅलडमध्ये किंवा कीशमध्ये लार्दों, म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात, आणि ते आहेत हे सांगायचेही कुणाला सुचत नाही. कोंते आणि रॉकफोर ही चीज जनावराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. म्हणून मांस, कोंबडी, मासे, अंडी, रेनेट यांपैकी काय चालत नाही, जैन असल्यास कांदा-लसूण आणि कंद यांचे काय, याची फ्रेंचमधली स्पष्ट यादी कुटुंब ठरण्याआधीच पाठवावी. काय चालते तेही लिहावे. स्वयंपाक करणाऱ्याला त्याचाच जास्त उपयोग होतो. शाळेच्या कांतीनमध्ये आठवड्यातून किमान एकदा शाकाहारी जेवण देणे कायद्याने बंधनकारक आहे. तो नियम २०१९ मध्ये प्रयोग म्हणून आला आणि २०२१ मध्ये कायम झाला. उरलेल्या दिवसांची सोय मात्र आधी विचारून घ्यावी लागते.

वाढण्याची रीतही वेगळी. मराठी घरात पहिला ‘नको’ संकोचाचा समजून आग्रह होतो. तिथे पहिला नकार हाच शेवटचा. पुढे केलेल्या ताटाला नुसते ‘मेर्सी’ म्हटले तर त्याचा अर्थ नको असा होऊ शकतो आणि ताट पुढे सरकते. हवे असल्यास ‘वी’ म्हणावे. न्याहारी बहुधा गोड असते, पाव-लोणी-जॅम आणि वाडगाभर गरम चॉकलेट. रात्रीचे जेवण साडेसात-आठनंतर. त्या वेळी भारतात मध्यरात्रीचा सुमार असतो, तेव्हा घरी रोज फोन करण्याची वेळ दुपारची ठरवावी. फ्रेंच घरात लहान मुलेही वाइन पितात हा समज जुना झाला. अठरा वर्षांखालील मुलांना दारू विकण्यास तिथे बंदी आहे.

भेटवस्तूंच्या बाबतीत पालकांचा उत्साह कस्टमच्या नियमांना धडकतो. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि मांसापासून केलेले पदार्थ नेता येत नाहीत. तूप, खवा, पनीर घरीच ठेवावे. पेढेही अडकू शकतात. हापूसची पेटीही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाही. त्या अटीतून फक्त अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन सुटले आहेत. पैठणीच्या कापडाची पिशवी किंवा वारली चित्र निर्धोक. तिथे पोचल्यावर फुले घ्यायची तर शेवंती टाळावी, कारण फ्रान्समध्ये ती १ नोव्हेंबरच्या सुमारास कबरींवर वाहतात.

स्नानगृहाचा एक बारकावा. पुष्कळ फ्रेंच घरांत गरम पाणी एका टाकीत साठवलेले असते आणि वीज स्वस्त असते त्या तासांत, बहुधा रात्री, तापते. एकाने अर्धा तास शॉवर सोडला तर पुढच्याच्या वाट्याला गार पाणी येते. यजमान याबद्दल बोलतात तेव्हा त्यांना कंजूष समजू नये. वीज भारतासारखीच २३० व्होल्टची आहे. मोबाइल चार्जरचा बारीक दोन पिनांचा प्लग तिथे बसतो, तीन पिनांचा बसत नाही.

फ्रान्समधल्या सरकारी शाळांत २००४ च्या कायद्याने ठळक धार्मिक चिन्हे घालण्यास मनाई आहे. गळ्यातले लहानसे पदक चालते. २०१८ पासून माध्यमिक शाळेच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे कोलेजमध्ये, मोबाइल वापरता येत नाही.

कुटुंबाने ईमेलवर बोलावले म्हणजे व्हिसाचे झाले, हा शेवटचा आणि महागात पडणारा गैरसमज. खासगी मुक्कामासाठी यजमानांना आपल्या गावच्या मेरीतून, म्हणजे नगरपालिकेतून, निवासाचे अधिकृत पत्र काढावे लागते. सांस्कृतिक आदानप्रदानाला यातून सूट आहे. म्हणून आपला कार्यक्रम कोणत्या वर्गात मोडतो ते शाळेकडून किंवा संस्थेकडून लेखी घ्यावे. मुक्काम ९० दिवसांपर्यंतचा असेल तर शेंगेन व्हिसा, त्याहून जास्त असेल तर दीर्घ मुदतीचा. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा आणि अल्पवयीन मुलांसाठी पालकांची संमती लागते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निघण्याच्या १५ दिवस आधीपर्यंत तो दाखल व्हावाच लागतो. शिक्षणासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्यासोबतच्या शिक्षकांना शेंगेन व्हिसाचे शुल्क माफ आहे. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे सेवाशुल्क मात्र भरावे लागते.