सातबाऱ्यावर नसलेली रोपे

२०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि देशभरच्या टाळेबंदीचा पहिला दिवसही तोच. बँकेतून निवृत्त होऊन मला तेव्हा वर्षही झाले नव्हते. दुपारी उरुळी कांचनहून फोन आला. माझ्या चुलतभावाची तिथली वीस गुंठे जमीन भाड्याने घेऊन एक बाई नर्सरी चालवतात, त्यांचा.

''साहेब, टोमॅटोची रोपं तयार हायेत, पण गिऱ्हाईकच येईना. ट्रेमधी किती दिवस ठेवायची?''

रोपाला वय असते, हे शहरातल्या माणसाच्या गावीही नसते. टोमॅटोचे रोप साधारण पंचवीस-तीस दिवसांचे झाले की ते जमिनीत जायलाच हवे. नंतर ते ट्रेमध्ये नुसतेच उंच, पिवळे होत जाते, मुळ्या कोकोपीटमध्ये गुरफटतात आणि मग फुकट दिले तरी शेतकरी घेत नाही. पुढच्या तीन आठवड्यांत बाईंनी ट्रेमागून ट्रे उकिरड्यावर रिकामे केले. बियाणे उधारीचे होते, मजुरी द्यायची राहिली होती.

लगेच २६ मार्चला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी मदत जाहीर केली. पीएम-किसानचा दोन हजारांचा हप्ता एप्रिलमध्येच ८ कोटी ७० लाख शेतकऱ्यांना मिळणार होता. जनधन खाते असलेल्या महिलांना तीन महिने दरमहा ५०० रुपये. माझ्या चुलतभावाचे पुण्यात छोटे दुकान आहे. प्राप्तिकर भरत नाही, म्हणून नियमात बसतो. दोन हजार त्याच्या खात्यात आले. बाईंना जनधनचे पाचशे मिळाले. बुडालेल्या नर्सरीपोटी काहीच नाही.

कारण उघड आहे. ही योजना जमीन कोण कसतो हे पाहत नाही, सातबारा कोणाचा हे पाहते. आणि सातबाऱ्यावर बाईंचे नाव येणार कसे? १९४८ च्या कूळकायद्याची धास्ती आमच्या घराण्यातून अजून गेलेली नाही. कागद केला की कूळ लागेल, म्हणून कागदच नाही. सगळा व्यवहार तोंडी.

अमेरिकेत त्याच वर्षी कृषी खात्याने जी मदत वाटली, तीत रोपवाटिका आणि फुले यांचा स्पष्ट समावेश होता. दुसऱ्या फेरीत त्यांची मदत २०१९ च्या विक्रीवरून मोजली गेली. त्यात ज्याची विक्री मोठी त्याला मदत मोठी, हे आलेच. पण निदान रोपे विकणाऱ्याला विचारले तरी गेले, की बाबा, तू किती विकलेस?

मे महिन्यात आपल्याकडे तीन लाख कोटींची हमी-कर्ज योजना आली. धंद्याच्या शिल्लक कर्जाच्या वीस टक्के रक्कम तारणाशिवाय मिळणार होती. मी उत्साहाने बाईंना फोन लावला आणि बोलता बोलता माझीच जीभ अडखळली. कर्जच नाही, तर वीस टक्के कशाचे? आणि कर्ज का नाही? काही वर्षांपूर्वी त्या माझ्याच टेबलासमोर अर्ज घेऊन बसल्या होत्या. जमीन आमच्याच घरातली, हे मला पुरते ठाऊक होते. तरी मी सातबारा मागितला, आणि तो नाही म्हणून अर्ज परत केला. नियमाने मी बरोबर होतो.

ते दोन हजार बाईंना दे, असे मी चुलतभावाला सुचवले. ''भाड्यात वळते करतो,'' तो म्हणाला. मी बाईंना तसे कळवले.

''पैसे नकोत साहेब,'' त्या म्हणाल्या. ''दादांना म्हणावं, जमीन मी करते एवढं दोन ओळी लिहून द्या.''

त्या दोन ओळी अजून लिहिल्या गेलेल्या नाहीत. भाडे मात्र दर पाडव्याला रोखीने पोहोचते.