नवी गाडी घेताय? आधी पाचवं चाक बघा!

परवा आमच्या वाशीमच्या भिशीत नव्या गाडीचे पेढे मिळाले. गाडी मोठी, उंच, सात माणसं आरामात बसतील अशी. रंग कोणता, छत उघडतं का, पडद्यावर गाणी लागतात का, सगळं विचारून झालं. मी आपलं सहज विचारलं, "आणि स्टेपनी कशी दिलीय हो, वहिनी?" वहिनी माझ्याकडे बघतच राहिल्या. "अगं बाई, ते यांनाच माहीत! असेल की मागं कुठंतरी."

खरं सांगते मैत्रिणींनो, दोन वर्षांपूर्वी मीही हेच उत्तर दिलं असतं. पण एका संध्याकाळनं मला शहाणं केलं.

सासूबाईंना नागपूरला डॉक्टरांना दाखवून आम्ही समृद्धी महामार्गानं परत येत होतो. कारंजा मागं पडलं आणि मागचं चाक बसलं. दिवेलागणीची वेळ, थंडीचे दिवस. आमच्या ह्यांनी डिकी उघडली. औषधांच्या पिशव्या, संत्र्यांची पेटी, सासूबाईंची वळकटी सगळं खाली काढलं, तेव्हा कुठं तळातली स्टेपनी दिसली. पाहतो तर ती बाकीच्या चाकांहून बारीक, वर पिवळी चिठ्ठी: वेग ताशी ८० च्या आत. त्यात हवाही निम्मीच! गाडी घेताना हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

सासूबाई कठड्यापलीकडे सतरंजीवर शाल गुंडाळून बसल्या होत्या. त्यांनी ते चाक पाहिलं आणि म्हणाल्या, "काहून गं सूनबाई, चार चाकं सख्खी अन् पाचवं सावत्र?" एका भल्या ट्रकवाल्यानं हवा भरून दिली म्हणून आम्ही घरी पोहोचलो.

आपल्याच जिल्ह्यातली ती रात्र

आमचं एकच चाक बसलं होतं. पण २९ डिसेंबर २०२४ ची रात्र आठवा. मालेगाव आणि वनोजा टोलनाका यांच्यामध्ये समृद्धी महामार्गावर लोखंडी फलक पडला आणि रात्री दहाच्या सुमारास पन्नासाहून अधिक गाड्या त्यावरून जाऊन पंक्चर झाल्या. मोटारी होत्या, मालट्रक होते. कितीतरी लोकांना रात्र रस्त्यावरच काढावी लागली.

जुन्या रस्त्यावर दर चार-सहा मैलांवर लिंबाखाली टायर टांगलेला पंक्चरवाला असायचा. ७०१ किलोमीटरच्या या समृद्धी महामार्गाचं तसं नाही. दोन्ही बाजूंना कुंपण आणि उतरायची ठिकाणं लांब लांब. तिथं आपला आधार म्हणजे आपल्याच गाडीतलं पाचवं चाक.

स्टेपनी म्हणजे काय?

हा शब्द आपण इतका सहज वापरतो, पण तो आला वेल्समधून. अगदी सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसायचं. १९०४ च्या सुमारास लानेली गावच्या डेव्हिस बंधूंनी जादा चाक बनवून विकायला काढलं. त्यांचं दुकान स्टेपनी रस्त्यावर, म्हणून चाकाचं नाव स्टेपनी. तिकडे लोक ते नाव विसरले, आपण मात्र जपलं!

आज गाड्यांमध्ये तीन प्रकार दिसतात.

पहिला, पूर्ण मापाची स्टेपनी. बाकी चार चाकांसारखीच. लावली की नेहमीसारखं निघायचं.

दुसरा, कामचलाऊ स्टेपनी. मापानं लहान किंवा अरुंद. ही फक्त पंक्चरच्या दुकानापर्यंत नेण्यासाठी. समृद्धीवर मोटारींना १२० ची मर्यादा आहे, आणि आपण ८० च्या आत चालणार. मागून येणाऱ्या गाड्यांचा जीव घाबरा, आपलाही!

तिसरा, स्टेपनीच नाही. २०२० मध्ये केंद्र सरकारनं नियम बदलला. ट्यूबलेस टायर, हवा कमी झाल्याची सूचना देणारी यंत्रणा आणि दुरुस्तीची पेटी असेल, तर मोटारीला स्टेपनी दिली नाही तरी चालते. त्या पेटीत हवेचा पंप आणि भोक बुजवणारं औषध असतं. खिळ्याचं बारीक भोक त्यानं बुजतं, पण टायरची बाजू फाटली तर उपयोग शून्य. औषधाच्या बाटलीला मुदतही असते, तीही बघावी लागते. सीएनजीच्या काही गाड्यांत टाकीच स्टेपनीची जागा खाते, म्हणून तिथं तर विचारलंच पाहिजे.

घरात आपण दुसरा सिलेंडर का ठेवतो? पहिला ऐन स्वयंपाकात संपतो म्हणून. पण दुसरा म्हणून कुणी छोटी शेगडी-टाकी दिली, तर चहा होईल, पाहुण्यांचा स्वयंपाक होणार नाही. कामचलाऊ स्टेपनीचं तसंच आहे.

माप कसं ओळखायचं?

टायरच्या बाजूवर आकडे असतात. समजा २१५/६० आर १७. टायरची रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ६० टक्के, आणि रिम १७ इंची. उंचीची दुप्पट अधिक रिम, म्हणजे चाक सुमारे ६९ सेंटिमीटर झालं. आता स्टेपनीवर २०५/६५ आर १६ असेल, तर हिशेब येतो सुमारे ६७.३ सेंटिमीटर. फरक पावणेदोन सेंटिमीटरांचा. दिसायला थोडा, पण चिठ्ठीवर वेगाची मर्यादा असेल तर ती पाळायचीच. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत तर असा फरक यंत्राला सोसत नाही, तिथं पुस्तिका वाचल्याशिवाय लावू नये.

रिमचा प्रश्न वेगळा. पूर्ण मापाचा टायर साध्या लोखंडी रिमवर असला तरी काम चोख होतं आणि पैसेही वाचतात. मात्र चकचकीत मिश्रधातूच्या रिमचे नट लोखंडी रिमला चालतीलच असं नाही. आमच्या टायरवाल्या दादांनी हेच सांगितलं: "ताई, चाक बसते हो, पण नट बराबर नसंल तं ढिलं होते. आधी इचारून घ्या." पाचवं चाकही चार चाकांसारखंच घेतलं, तर दर आठ-दहा हजार किलोमीटरला पाचही चाकं फिरवून लावता येतात आणि सारखी झिजतात. टायरवर एकाच दिशेनं फिरण्याचा बाण असेल, तर मात्र टायरवाल्याला विचारूनच.

तोटेही सांगते

मोठी स्टेपनी जागा खाते, वजनही वाढवते. आहे त्या खड्ड्यात ती बसेलच असं नाही, म्हणून पैसे देण्याआधी प्रत्यक्ष बसवून बघा. नुसती डिकीत टाकून ठेवू नका. जोराचा ब्रेक लागला तर ते धूड पुढं मुलांच्या अंगावर येईल. ती पक्की आवळलेलीच हवी. आणि दोन चाकं एकदम गेली तर एक स्टेपनी पुरत नाही, म्हणून हवेचा छोटा पंप आणि पंक्चरचं सामान सोबत असलेलं बरं.

तरीही माझं मत विचाराल तर, ज्या घरातून म्हाताऱ्या माणसांना, लेकुरवाळीला लांब दवाखान्यात न्यावं लागतं, त्या घरानं उघडणाऱ्या छताचे पैसे वाचवावेत आणि पूर्ण मापाची स्टेपनी घ्यावी.

गृहिणीनं लक्षात ठेवावं असं

१. गाडी नोंदवण्याआधी डिकी उघडायला लावा. स्टेपनीचे आकडे आणि चार चाकांचे आकडे ताडून बघा.

२. महिन्याला घरचं वाणसामान भरता, त्याच दिवशी स्टेपनीचीही हवा बघा. किती पाउंड ते चालकाच्या दाराजवळच्या चिठ्ठीवर किंवा पुस्तिकेत असतं.

३. न वापरलेला टायरही म्हातारा होतो. बाजूवरचे चार अंक वाचा: २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली की जाणत्याला दाखवा, दहा वर्षांपुढे तर वापरूच नका.

४. स्टेपनी गाडीच्या पोटाखाली टांगलेली असेल, तर सहा महिन्यांतून एकदा उतरवून बघा. चिखलानं आणि गंजानं ती अडकून बसते.

५. जॅक, पाना आणि लाल त्रिकोण जागेवर आहेत ना? सोबत एक जुना लाकडी पाट ठेवा. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात जॅक असा रुततो की विचारू नका!

६. रस्त्यात चाक बसलं तर आधी माणसं उतरवून कठड्यापलीकडे न्या. दिवे लुकलुकते ठेवा, त्रिकोण मागं बऱ्याच अंतरावर ठेवा. जागा धोक्याची असेल तर चाक बदलायच्या भरीस न पडता ११२ ला फोन करा.

७. नट आधी थोडे सैल करायचे, मग जॅक लावायचा. आवळताना समोरासमोरचे नट आवळायचे, आणि थोडं अंतर गेल्यावर पुन्हा तपासायचे.

हे सगळं एकदा अंगणात करून बघा. मी केलं. दोन नट मला हलेनात, तेव्हा पान्यावर पाय देऊन उभी राहिले. ओट्यावर बसून पाहणाऱ्या सासूबाई हसून हसून बेजार! पण चाक बदललं.

आता आमच्या डिकीत पूर्ण मापाची स्टेपनी आहे. त्यासाठी दिवाळीचा सोफा पुढं ढकलला. नागपूरला निघालो की सासूबाई गाडीत बसण्याआधी विचारतात, "पाचवं सख्खं आहे ना गं?" मी "हो" म्हटलं, की मगच पाय आत टाकतात.