पुडी एक, पाणी एक लिटर

परवा शेजारच्या काकूंच्या नातवाला जुलाब लागले. ओआरएसची लिटरची पुडी फोडून त्या चमचाभर पावडर पेल्यात ढवळत होत्या. म्हणाल्या, "सर, उरलेली उद्याला होते की!" मी त्यांना थांबवलं.

वर्गात समांगी मिश्रण शिकवतो, ते हेच. पुडीतल्या २०.५ ग्रॅम पावडरीत ग्लुकोज १३.५ आणि मीठ २.६ ग्रॅम असतं. बाकी पोटॅशियम क्लोराईड व सायट्रेट. कोरडे कण वेगवेगळेच राहतात, म्हणून एका चमच्यात मीठ जास्त, दुसऱ्यात कमी येऊ शकतं. पूर्ण पुडी लिटरभर स्वच्छ पाण्यात विरघळली, की पहिला घोट आणि शेवटचा घोट सारखाच. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीनं शोषले जातात, मागोमाग पाणी. प्रमाण चुकलं, मीठ वाढलं, तर लेकराला अपाय होतो.

तयार पाणी चोवीस तासांत संपवावं, उरलेलं ओतून द्यावं. पोर मलूल झालं, लघवी कमी झाली, तर थेट डॉक्टरांकडे.

काकूंनी तांब्या ठेवून लिटरची बाटली काढली. घरात मीठ म्हणा की उप्पु, माप एकच!